माणसासकट तुतारी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्याचा निकाल लागला, तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवून अनेकांनी पुन्हा पुन्हा वाचले. भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे हरले. त्याच यादीत खाली एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडलेली होती. या अपक्षाचं चिन्ह होतं ट्रम्पेट, आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्याचा अनुवाद होता 'तुतारी'. शिंदे यांचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'.

दिंडोरीत तर याहून मोठा आकडा होता. तिथेही ट्रम्पेटवाला अपक्ष होता आणि त्याचं आडनावही पवार गटाच्या उमेदवाराचंच, भगरे. त्याला १,०३,६३२ मतं मिळाली. भास्कर भगरे तरीही १ लाख १३ हजारांच्या फरकाने जिंकले, म्हणून तो किस्सा हसण्यावारी गेला. साताऱ्यात हसायला जागा नव्हती.

ही सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. मत गुप्त असतं, आणि अपक्षाला मनापासून मत देणारेही असतात. पण 'लोक अडाणी, दुसरं काय' म्हणून जे विषय मिटवतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. चार पदव्या घेतलेला माणूसही औषधाच्या दुकानात, किराण्याच्या फळीपुढे, मोबाइलच्या पडद्यावर अगदी असाच चकतो. का चकतो, ते समजून घ्यायचं तर चिन्ह मुळात काम कसं करतं हे पाहायला हवं. त्यासाठी आपल्या निवडणूक चिन्हांसारखी दुसरी प्रयोगशाळा मिळणं कठीण.

आधी थोडं व्याकरण. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे आपण ओळखतो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमान शिकवताना शतकानुशतकं हेच उदाहरण दिलं जात आलंय. धूर ही आगीची खूण, कारण तो आगीतूनच निघतो. ते कुणी बसून ठरवलेलं नाही. घाटात पाटीवर वाकडा बाण दिसतो, तेव्हा पुढे वळण आहे हे चित्राच्या साम्यावरून कळतं. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कोकणातला मच्छीमार होडी बाहेर काढत नाही. 'तीन' या आकड्यात ना वारा आहे, ना लाट. पण बंदर खातं आणि दर्यावर्दी यांच्यात तसं ठरलेलं आहे, म्हणून तो इशारा चालतो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी चिन्हांचे हे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. सोयीसाठी आपण त्यांना खूण, चित्र आणि करार म्हणू.

गंमत अशी, की चित्राचा हळूहळू करार होतो. संगणकावर फाइल 'सेव्ह' करायचं चौकोनी चिन्ह म्हणजे फ्लॉपीचं चित्र. आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांनी फ्लॉपी हातात धरलेली नाही, तरी त्यांचं काही अडत नाही. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगच्या पाटीवर विजेच्या गाड्या आल्यावरही वाफेचं इंजिनच धूर सोडत राहिलं. साम्य संपलं तरी करार टिकतो.

निवडणूक चिन्ह दिसतं चित्रासारखं, पण ते असतो करार. घड्याळाचं चित्र घड्याळासारखंच असतं, ते ओळखायला शाळेत जावं लागत नाही. मात्र ते घड्याळ अमुक पक्षाचं, हे शिकावं लागतं. उद्या त्याच पक्षाला भेंडी दिली तरी काम भागेल. भेंडी हे मी विनोदाने लिहिलेलं नाही. निवडणूक आयोगाच्या खुल्या, म्हणजे कुठल्या पक्षासाठी राखून न ठेवलेल्या, चिन्हांच्या यादीत भेंडी खरोखर आहे. नेलकटर, प्रेशर कुकर, सीसीटीव्ही कॅमेरा आणि नूडल्सचा बाउलही आहे. एम. एस. सेठी नावाचे आयोगाचे आरेखक ही चित्रं पेन्सिलीने काढायचे. स्वयंपाकघर, शेत, दप्तर, असं जे घरोघरी दिसतं ते त्यांच्या कागदावर यायचं, कारण अट एकच होती: पाहताक्षणी ओळखता आलं पाहिजे.

ही अट का आली, ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसतं. १७ कोटींहून जास्त मतदार होते आणि १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के. म्हणजे उमेदवारांची नावं छापून दिली तर बहुतेकांना ती वाचताच येणार नाहीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने त्यावर फार साधा तोडगा काढला. मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नाही. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड जायचं, आपली पेटी शोधायची, कागद आत टाकायचा. या लाखो पेट्यांपैकी मोठा हिस्सा मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. चिन्हावर शिक्का मारायची पद्धत देशभर आली ती १९६२ मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या त्या निवडणुकांत चिन्ह हे मताचं सजावटीचं अंग नव्हतं. मतदारापुरता उमेदवार म्हणजे ते चिन्हच होतं.

मग पक्षांच्या लक्षात आलं, की करार कोरडा ठेवायची गरज नाही. काँग्रेसकडे बैलजोडी होती, आणि शेतकऱ्यांच्या देशात बैलजोडी म्हणजे काय हे सांगायला नको. जनसंघाकडे दिवा, प्रजा समाजवादी पक्षाकडे झोपडी. लगेच उत्तरेत घोषणा तयार झाली: 'जली झोपडी, भागे बैल, यह देखो दीपक का खेल.' काँग्रेसवाल्यांनी परतफेड केली: 'इस दीपक में तेल नहीं, सरकार बनाना खेल नहीं.' यात धोरण नाही, जाहीरनामा नाही. तीन चित्रांची आपसात मारामारी आहे आणि ती न शिकलेल्यालाही पूर्ण समजते. चित्राला आधीपासून चिकटलेला अर्थ (दिव्याला तेल लागतं, झोपडी पेटते, बैल बिथरतो) कराराच्या फटीतून आत झिरपतो. आजही मशालवाले 'पेटवा' म्हणतात आणि घड्याळवाले 'वेळ आली' म्हणतात, ते यामुळेच. कानाला छान वाटतं, आणि माणूस खरोखर विचार करून ठरवत असल्याचा आभास होतो. ही झिरप मला थोडी धोक्याची वाटते, पण ती थांबवायचा उपाय कुणाकडे नाही.

या झिरपेची ताकद जवळून पाहायची तर गोवा. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला. प्रश्न असा, की गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. यात भाषा, शेतजमीन, नोकऱ्या, जात, धर्म, शेजाऱ्याबद्दलचं प्रेम आणि भय, सगळं गुंतलेलं होतं. मतपत्रिकेवर मात्र दोन चित्रं: विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पानं. चित्रं निवडताना काळजी घेतलेली दिसते. दोन्ही झाडाचीच, दोन्ही निरुपद्रवी, दोन्हींना देव ना धर्म. तरी महिन्याभरात 'फूल' आणि 'दोन पानां' ही माणसांची ओळख होऊन बसली. घर कुठल्या बाजूचं, हे विचारायला एवढे दोन शब्द पुरायचे. निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, दोन पानांच्या बाजूने. आमच्या मराठी घरांमध्ये याकडे महाराष्ट्राचा पराभव म्हणून पाहणारे पुष्कळ होते. गोव्यात आजही त्या दिवसाची आठवण अस्मितेचा दिवस म्हणून काढतात. चिन्ह तटस्थ असू शकतं, ते हातात घेणारा नसतो.

आता पुन्हा तुतारीकडे. चिन्ह ओळखता येणं हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग जिनिव्हात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी मांडला. हे गृहस्थ मूळचे संस्कृतचे अभ्यासक. त्यांचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर आहे. ते वारल्यावर, १९१६ मध्ये, त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली आणि त्यातली एक कल्पना पुढे सगळीकडे पसरली. चिन्हाला अर्थ मिळतो तो शेजारच्या चिन्हांपासून असलेल्या फरकातून. लाल दिव्यात 'थांबा' असं काही भरून ठेवलेलं नाही. तो हिरवा नाही आणि पिवळाही नाही, म्हणून तो लाल. एखाद्या चौकात तिन्ही दिवे लालसर लावले, तर लाल रंग जागेवर असूनही सिग्नल मेला.

हे आपल्याकडे फार आधी सांगून झालेलं आहे, हे वाक्य मला सहसा आवडत नाही, कारण ते बहुधा खोटं असतं. इथे मात्र ते म्हणावं लागेल. पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध तार्किक दिङ्नाग याचा अपोहवाद याच वाटेने जातो. 'गाय' हा शब्द काय सांगतो? जे जे गाय नाही, ते ते बाजूला काढतो. घोडा नाही, म्हैस नाही, झाड नाही. वगळून वगळून जे उरतं तिथे शब्द पोचतो. सोस्यूर आणि दिङ्नाग यांचे प्रश्न वेगळे होते, दोघांना एकाच गोणीत कोंबू नये. पण साताऱ्याच्या मतदान केंद्राबाहेर दोघांनी एकच निदान केलं असतं.

पाहा काय झालं ते. शरद पवार गटाचं २५ वर्षांचं घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये अजित पवार गटाकडे गेलं. नवं चिन्ह मिळालं 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि त्याचं अनावरण रायगडावर झालं. साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी होतं. म्हणजे पाव शतकाची सवय मोडून नवी लावायला हातात अडीच महिनेदेखील नव्हते. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे घोषणेत बसत नाही, म्हणून प्रचारात उरली नुसती 'तुतारी'. भाषणात तुतारी, फलकांवर तुतारी, रस्त्यावर खरी तुतारी फुंकणारे. माझ्या मते चूक इथे झाली, आणि ती मतदाराची नव्हे. ट्रम्पेटपासून हे चिन्ह वेगळं करणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे माणूस. प्रचाराने नेमका तोच गाळला. त्यात यादीच्या अनुवादकाने ट्रम्पेटला 'तुतारी' म्हटलं आणि उरलासुरला फरकही मिटला. लोक ज्याला पिपाणी म्हणतात, ते वाद्य कागदावर तुतारी झालं.

मतदान यंत्रावर फलकाएवढं रंगीत चित्र नसतं. असते ती काळ्या रेषांची छोटी आकृती. शेजारी नाव आणि, २०१५ पासून, उमेदवाराचा फोटो. एका यंत्रावर सोळा ओळी. यंत्रावर दोन्ही वाद्यं असतात हे खरं, पण मतदार त्यांची एकमेकांशी तुलना करत नाही. तो डोक्यातल्या चित्राशी तुलना करतो, आणि पहिलं जुळलं की शोध थांबतो. डोक्यातल्या चित्रात माणूस नव्हता. मागे रांग, समोर अधिकारी, बोटावर ओली शाई. अशा वेळी सोळाच्या सोळा ओळी तपासून पाहणारा मतदार मी तरी नाही.

हीच गोष्ट बाजाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितली होती. खटला अमृतधारेचा. पोटात कळ आली की साखरेवर चार थेंब घ्यायचं ते औषध जुन्या घरांमध्ये अजून सापडेल. दुसऱ्या एका उत्पादकाला 'लक्ष्मणधारा' हे नाव नोंदवायचं होतं. त्यांचं म्हणणं असं, की अमृत वेगळं, लक्ष्मण वेगळा, गोंधळ कसला? न्यायालयाने पाहिलं ते गिऱ्हाईक कसं वागतं ते. साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला माणूस दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवून नावाची फोड करत बसत नाही. एकूण ठसा मनात ठेवून तो मागतो, आणि त्या ठशात 'धारा' दोन्हीकडे आहे. नावं फसवण्याइतकी सारखी आहेत, असंच न्यायालयाने ठरवलं. बिस्किटाच्या नेहमीच्या पुड्याचा रंग आणि एखादं अक्षर इकडेतिकडे करून विकणाऱ्यांना हे सूत्र पक्कं पाठ असतं. ते चित्राची नक्कल करत नाहीत, आपल्या अर्धवट आठवणीची करतात.

म्हणून चिन्हं आखणाऱ्याने 'हे ओळखता येतं का' एवढंच विचारून चालत नाही, 'हे कशाबरोबर मिसळेल' हेही विचारावं लागतं. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा ठिपका आठवा. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी म्हणजे मांसाहारी. ही पद्धत २००१ पासून आहे. आकार एक, फरक फक्त रंगाचा. पण काही लोकांना, त्यातही पुरुषांना जास्त, हिरवा आणि तांबूस-तपकिरी हे रंग जन्मतःच वेगळे दिसत नाहीत. घरात उपास आणि हातात पाकीट अशा वेळी त्यांच्यासाठी ते चिन्ह नसल्यातच जमा होतं. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. रंग तोच राहिला, पण आता रंग न दिसणाऱ्यालाही वर्तुळ आणि त्रिकोण वेगळे कळतात. इतक्या छोट्या बदलाला जवळपास वीस वर्षं लागली.

निवडणुकीत हा फरक भूगोलाने सांभाळायचा प्रयत्न असतो. सायकल उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची, आंध्रात तेलुगू देसमची. धनुष्यबाण महाराष्ट्रात शिवसेनेचा, झारखंडमध्ये झारखंड मुक्ती मोर्चाचा. हत्ती बसपचा, पण आसाममध्ये आसाम गण परिषदेचा. दोघं शेजारी येत नाहीत तोवर बिघडत नाही. एकच पक्ष फुटला की मात्र भूगोल कामाला येत नाही. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि दोन्ही गटांना १९७१ ची निवडणूक बैलजोडीविना लढवावी लागली; इंदिरा गांधींच्या गटाने गाय-वासरू घेतलं, आणि हाताचा पंजा आला तो १९७८ मधल्या आणखी एका फुटीनंतर. चिन्ह ही भावाभावांत वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या वादात स्पष्ट केलं. जमिनीचे दोन तुकडे केले तरी दोन्हीकडे जमीन असते. चिन्ह दोघांना दिलं की ते कुणाचंच राहत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेचा धनुष्यबाण गोठवला तेव्हा हेच पुन्हा घडलं. दोन्ही गटांनी त्रिशूळ मागितला, दोन्ही गटांनी उगवता सूर्य मागितला. त्रिशूळ धार्मिक म्हणून नाकारला, उगवता सूर्य द्रमुककडे म्हणून नाकारला. एकाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. भांडणारे भाऊ किती सारखा विचार करतात, ते त्या दोन अर्जांत दिसलं.

साताऱ्यानंतर शरद पवार गट आयोगाकडे गेला. मागण्या दोन होत्या: आमचं चिन्ह यंत्रावर बारीक दिसतं ते ठळक करा, आणि ट्रम्पेट यादीतून काढा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी आयोगाने पहिली मान्य केली, दुसरी नाही. दोन्ही चित्रं वेगळी आहेत, असं आयोगाचं म्हणणं. शेजारी ठेवून निवांत पाहिली तर आहेतच. मतदाराला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिठ्ठी दिसते, तीवर क्रमांक, नाव आणि ते चिन्ह. ती सात सेकंद दिसते, आणि चूक लक्षात आली तरी बदलता येत नाही.